सरकारने घेतलेली जमीन उरली, तर ती कुणाची?



या पानावर आपण नेहमी बेणे, खते आणि पाचटाविषयी बोलतो. या खेपेला थोडे जमिनीविषयी. कॅनॉलला, रस्त्याला किंवा एमआयडीसीला गेलेली आमची जमीन पडूनच आहे, ती परत मिळेल का, हा प्रश्न गट बैठकीत हमखास निघतो.

उत्तर एका शब्दावर अडते. सरकारने जमीन अधिग्रहणाने घेतली की संपादनाने? टंचाईत तहसीलदार विहीर अधिग्रहित करतात. पाणी गावाला जाते, भाडे तुम्हाला मिळते, विहीर मात्र तुमचीच राहते. संपादनात मालकीच सरकारकडे जाते.

कल्याणजवळच्या नेवाळीचा वाद मुळात हाच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथे धावपट्टीसाठी सोळाशे एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, लोक भात लावत राहिले. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले, गाड्या जळाल्या, माणसे जखमी झाली. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती. संरक्षण खाते म्हणते, ती रीतसर आमची आहे.

तात्पुरत्या अधिग्रहणाबाबत सुप्रीम कोर्टाने १९८४ साली एच. डी. व्होरा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. मुंबईतला एक फ्लॅट सरकारने १९५१ पासून अडकवून ठेवला होता. अधिग्रहण असे तीस-तीस वर्षे चालवता येत नाही, असे कोर्ट म्हणाले.

संपादन झाले असेल तर मात्र गोष्ट अवघड. केरळात हायवेसाठी घेतलेल्या जमिनीतली उरलेली जमीन सरकार मूळ मालकाला परत देऊ लागले, तेव्हा १९९७ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा. मूळ मालकाला वाटले तर त्याने लिलावात बोली लावावी! ऐकायला कडू आहे, पण सरकारी जमीन मर्जीतल्या माणसाला स्वस्तात जाऊ नये, हा त्यातला मुद्दा मला तरी रास्त वाटतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात थोडी फट आहे. त्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताब्यापासून पाच वर्षे न वापरता पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत जाते, नाहीतर शासनाच्या भूबँकेत. हे ‘नाहीतर’ लक्षात ठेवा. १८९४ च्या जुन्या कायद्याने गेलेल्या जमिनीला हा आधार नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात तिसरा प्रकार नागरी कमाल धारणा कायद्याचा. १९७६ चा हा कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ पासून रद्द झाला. कागदावर ‘अतिरिक्त’ ठरलेल्या, पण प्रत्यक्ष ताबा न गेलेल्या जमिनीचे काय? उत्तर प्रदेशातल्या हरिराम खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की नुसत्या कागदाने ताबा जात नाही. कायदा रद्द होण्याआधी प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल, तर जमीन मालकाकडे राहते.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी निवाडा, ताबेपावती, फेरफार आणि कमी-जास्त पत्रक यांच्या नकला काढा. अधिग्रहण की संपादन, कोणत्या कायद्याने, ताबा कोणत्या तारखेला, एवढे तरी त्यातून कळेल. आजोबांनी सांगितले होते, एवढ्यावर कोर्टात भागत नाही.