कडब्याच्या कोपीतला नाताळ

येळवशीला रानात कोप उभी करणाऱ्या पोराला नाताळचा गोठा वेगळा शिकवावा लागत नाही. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला धाराशिव-लातूरकडची गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरून जातात. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा उरकली की भज्जी, आंबील, उंडे यांवर ताव मारायचा. ही अमावास्या नाताळच्याच आगेमागे येते. कडबा दारात असतो, पोरांच्या हाताला सवय असते. तरीही बऱ्याच शाळांतला नाताळ म्हणजे प्लॅस्टिकच्या झाडावर चिकटवलेला कापसाचा बर्फ आणि लाल टोपी घातलेला एक मुलगा. सण कशाचा, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘सांताक्लॉजचा.’

यात पोरांचा काय दोष? नाताळ हा येशूच्या जन्माचा सण, आणि त्या जन्माच्या गोष्टीत बर्फही नाही, झाडही नाही. आहे ती गव्हाण, मेंढपाळ, रात्र आणि राहायला जागा न मिळालेलं एक जोडपं. यातलं धाराशिवच्या मुलाला परकं असं काहीच नाही.

गोठा मांडून गोष्ट सांगायची चाल आठशे वर्षांची आहे. 1223 सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी गवत भरलेली गव्हाण मांडली आणि शेजारी जिवंत बैल आणि गाढव उभं केलं. उपासना लॅटिनमध्ये चाले, ती गावकऱ्यांना कितपत कळत असेल कोण जाणे. बैल आणि गवत मात्र सगळ्यांना कळलं. पुढे ही चाल जगभर गेली. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात नाताळला घराघरांत, वाड्यावाड्यांत गोठे उभे राहतात. गंमत म्हणजे बायबलमधल्या शुभवर्तमानात बैल आणि गाढव यांचा उल्लेखच नाही, तिथे फक्त गव्हाण आहे. ती दोन जनावरं यशयाच्या जुन्या ग्रंथातल्या एका ओळीवरून चित्रांत आली. मुलांना हे जरूर सांगावं. लिहिलेलं कुठलं आणि लोकांनी प्रेमाने भर घातलेलं कुठलं, हे वेगळं करायला मुलांना फार आवडतं.

मग आपणही आपली भर का घालू नये? मेंढपाळांच्या कळपात उस्मानाबादी शेळी असायलाच हवी. काळीभोर, लांब लोंबते कान, बहुधा जुळी करडं देणारी ही जात जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाते. मातीची शेळी वळताना पाय जाड ठेवावेत, नाहीतर वाळण्याआधीच ती बसते. सांधे पातळ चिखलाने जोडावेत आणि चित्रं सावलीत वाळवावीत. आपली काळी माती नुसती वापरली तर वाळताना भेगाळते. त्यापेक्षा कुंभाराकडून कमावलेली माती आणावी, किंवा काळ्या मातीत राख आणि बारीक भुसा मिसळावा. पोळ्याचे बैल करणाऱ्यांना हे सांगायला नकोच. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा टाकला की तो आपल्याच माळावरचा धनगर होतो.

मातीचा विषय निघाला की तेरला जावंच लागतं. गोरोबाकाका कुंभारांचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचं जे वर्णन केलं, त्यात तगर आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला जातं आणि पुढे जहाजांवर चढतं. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळाच्या आसपासची भाजक्या मातीची चित्रं आहेत. येशू जन्मला तो रोमन साम्राज्याच्या अमलाखालच्या मुलखात, आणि तगरचा माल त्याच साम्राज्याच्या बाजारांकडे निघालेला असे. गोठा करण्याआधी मुलांना तेरची चित्रं दाखवली तर ‘फार फार वर्षांपूर्वी’ या शब्दांना जरा वजन येतं.

आता गोष्टीतला प्रवास. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे कैसर औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघाला. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 110 किलोमीटर, वाटेने त्याहून जास्त. धाराशिवहून सोलापूरला पायी जाऊन पायीच परतावं, साधारण तेवढं. तुळजापूरला चालत जाणारी माणसं पाहिलेल्या मुलांना पायांची ही मापं लगेच कळतात. उताराच्या जागी खोली नव्हती, म्हणून बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं.

इथे गुरुजींनी किंवा बाईंनी थोडं थांबावं. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या फडाजवळ कोपी पडतात आणि हंगाम सरेपर्यंत संसार तिथेच चालतो. दिवस भरत आलेल्या बायकाही जातात, बाळंतपणंही तिकडेच होतात. नाताळच्या सुमाराला वर्गातले काही बाक म्हणूनच रिकामे असतात; काही मुलं आजीजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली असतात. मुलांना एवढंच विचारावं: आपल्या गावचं असं जोडपं वाटेत कुठे कुठे थांबेल, त्याला कोण जागा देईल, कोण नाही म्हणेल? आणि ते नाटक करून दाखवायला सांगावं. दार उघडणारा, दार लावून घेणारा, ‘गोठ्यात झोपा’ म्हणणारा, सगळी पात्रं पोरं स्वतः उभी करतात. माझ्या मते सगळ्या उपक्रमांत हा एक केला तरी पुरे, बाकीचे हौसेचे. फक्त ज्याचे आईबाप खरोखर फडावर आहेत, त्याला मरिया-योसेफ करायला लावू नये. स्वतःहून मागितलं तर गोष्ट वेगळी.

बाळाला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातली, मेंढपाळांची लूकच्या. मत्तय ‘तिघे’ असं कुठेच म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन धरली गेली. सोनं, ऊद आणि गंधरस. लहान मुलांसाठी हा वासाचा खेळ करता येतो. मोठ्या माणसाने निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकावा. दर्ग्यात गेलेली मुलं तो वास डोळे मिटून ओळखतात. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, बाळंतिणीला देतात तो. एखाद्या आजीला वर्गात बोलावून हिराबोळाबद्दल सांगायला लावलं तर ती गुरुजींपेक्षा जास्त सांगेल. मोठ्या मुलांना पुढचंही सांगावं: योहानाच्या शुभवर्तमानात येशूला कबरेत ठेवतानाही हाच गंधरस आणलेला आहे. वर्गातल्या मुसलमान मुलांनी मरियमची गोष्ट घरी ऐकलेली असते. कुराणात इसांचा, म्हणजे येशूचा, जन्म खजुराच्या झाडाखाली होतो. त्यांना ती सांगू द्यावी.

नाताळची वाट पाहण्याचे चार रविवार असतात, त्याला आगमनकाळ म्हणतात. त्यातला पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. 1839 साली हाम्बुर्गजवळ गरीब मुलांची संस्था चालवणाऱ्या योहान विखेर्न या पाद्र्याकडे मुलं रोज ‘नाताळ कधी?’ म्हणून भुणभुण करत, असं सांगतात. त्याने गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची, वाट पाहणं मोजायचं. बैलगाडीचं मोडकं चाक आपल्याकडे अजून सापडतं, मेणबत्तीऐवजी पणत्या चालतील. नाताळला टांगायच्या चांदणीचा उगमही मुलांच्या शाळेतलाच. 1830च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावी मोरावियन पंथाच्या शाळेत भूमितीचा पाठ म्हणून कागदी तारा करू लागले. 18 चौरस आणि 8 त्रिकोण असलेली घनाकृती घ्यायची, एक चौरस टांगण्यासाठी सोडायचा आणि बाकी 25 बाजूंवर टोकं बसवायची. सातवी-आठवीच्या मुलांना हे जमतं. धाकट्यांनी दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा काढून नवा कागद लावावा.

दक्षिण फ्रान्समध्ये 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात आणि अंकुर गोठ्याजवळ ठेवतात. घटाचं धान्य उगवताना पाहिलेल्या घरात याला नवल ते काय! दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरणारी पोरंही हसतील.

येशूची गोष्ट मराठीतही आधीच रुजलेली आहे. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्ती भजनांत आणि अभंगांत आणली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती कीर्तनं केली. जानेवारी 2020मध्ये इथेच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93वं मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी जन्मकथेची पानं त्यातून घ्यावीत.

वर्गात एखादंच ख्रिस्ती मूल असेल तर त्याला पुढे उभं करून ‘सांग, तुमच्यात काय करतात’ असं विचारू नये. त्याच्या आईवडिलांना आधी भेटावं. गोठ्यात बाळाचं चित्र कधी ठेवायचं, हे त्यांना विचारून ठरवावं. पुष्कळ घरांत ते 24च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवत नाहीत. ज्ञानी लोकांची चित्रं खिडकीत लांब मांडून रोज थोडी पुढे सरकवायची, 6 जानेवारीला ती पोचतात. त्यानंतर कोप मोडायची आणि कडबा जनावरांपुढे टाकायचा. म्हणून पहिल्यापासून त्याला चमकी, डिंक, रंग काहीही लावू द्यायचं नाही, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.