दोऱ्या नसलेली शर्यत

ऑलिम्पिकच्या निकालपत्रात १९०८ सालच्या पुरुषांच्या ४०० मीटर शर्यतीपुढे एकच नाव आहे : विंडम हॅल्सवेल, ग्रेट ब्रिटन, सुवर्ण. रौप्यपदकाची जागा रिकामी, कांस्यपदकाचीही रिकामी. अंतिम फेरीत धावपटू चार होते. चौघेही सुटले, चौघेही जीव तोडून पळाले, आणि शेवटी पंचांनी जाहीर केलं की शर्यत झालीच नाही. दोन दिवसांनी हॅल्सवेल त्याच ट्रॅकवर एकटाच पळाला आणि जिंकला. ऑलिम्पिकच्या धावण्याच्या शर्यतींत वॉकओव्हरने मिळालेलं हे एकमेव सुवर्णपदक.

ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. इंग्रज लेखकाच्या हाती पडली की अमेरिकन धावपटूने कोपर मारून वाट अडवली. अमेरिकन लेखकाच्या हाती पडली की यजमानांनी डोळ्यांदेखत विजय लुबाडला. मला दोन्ही कथा अपुऱ्या वाटतात. त्या दिवशी ट्रॅकवर काय नव्हतं, हे आधी बघायला हवं. दोन धावपटूंच्या मध्ये दोरी नव्हती, जमिनीवर रेघ नव्हती, आणि दोन्ही देशांनी मान्य केलेलं एक नियमपुस्तकही नव्हतं.

मुळात १९०८चे खेळ व्हायचे होते रोमला. इटलीने माघार घेतली. त्याचं कारण म्हणून १९०६च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे, पण पैशाचे वांधे त्याआधीपासूनच होते. लंडनने जबाबदारी उचलली आणि शेफर्ड्स बुश भागात, फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शनाच्या पांढऱ्याशुभ्र इमारतींच्या शेजारी, व्हाइट सिटीचं स्टेडियम उभं राहिलं. आजच्या डोळ्यांना ते विचित्र वाटेल. सगळ्यात बाहेर सायकलींचा ट्रॅक, त्याच्या आत धावण्याचा, मधल्या हिरवळीत १०० मीटर लांबीचा पोहण्याचा हौद, आणि तिथेच कुस्तीही. धावण्याच्या ट्रॅकचे तीन फेरे म्हणजे एक मैल. म्हणजे एक फेरी जवळपास ५३६ मीटरची. त्यामुळे ४०० मीटरच्या शर्यतीत एक फेरीही पुरी होत नसे. कोळशाच्या राखेच्या त्या पृष्ठभागावर पावलांचे ठसे स्पष्ट उमटत. ही बारीकशी गोष्ट पुढे कामाला येणार होती.

अमेरिकन आणि इंग्रज यांच्यात पहिल्या दिवसापासून ठिणग्या उडत होत्या. उद्घाटनाला स्टेडियमवर इतर देशांबरोबर अमेरिकेचा झेंडा फडकलेला नव्हता. संचलनात अमेरिकन संघाचा झेंडा राजासमोर झुकला नाही, यावरून पुढे कैक वर्षं चर्वितचर्वण चाललं. रस्सीखेचीत लिव्हरपूल पोलिसांच्या जाडजूड बुटांवर अमेरिकनांनी हरकत घेतली. ती फेटाळल्यावर त्यांनी संघच काढून घेतला. अमेरिकन पथकाचे जेम्स सलिव्हन तक्रारी करण्यात वाकबगार. आणि एका मुद्द्यावर त्यांची तक्रार रास्तच होती : पंच झाडून सारे ब्रिटिश. स्पर्धा ऑलिम्पिकची, पण न्यायनिवाडा यजमानांच्या घरचा.

१९ जुलैच्या रविवारी सेंट पॉल कथीड्रलमध्ये पेनसिल्व्हेनियाचे बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी खेळाडूंपुढे प्रवचन केलं. जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं, हे ऑलिम्पिकचं सुप्रसिद्ध वचन त्या प्रवचनातून आलं. आधुनिक ऑलिम्पिकचे प्रणेते कूबर्तँ यांनी २४ जुलैच्या सरकारी मेजवानीत टॅलबट यांचा हवाला देऊन त्याचा पुनरुच्चार केला. प्रवचन आणि मेजवानी या दोहोंच्या मध्ये, २३ जुलैला, गुरुवारी, ४०० मीटरची अंतिम शर्यत होती.

त्याच आठवड्यात मुंबईत काय चाललं होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या १३ जुलैला राजा एडवर्डने व्हाइट सिटीत खेळांचं उद्घाटन केलं, त्याच दिवशी मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. २२च्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि २३ला गिरणगाव बंद पडायला लागला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की निवाडा करायला बसलेली माणसं कोण, हा प्रश्न त्या वर्षी किती ठिकाणी विचारला जात होता, एवढं ध्यानात येतं. शिवाय लंडनमध्ये पणाला लागलं होतं ते फक्त एक पदक, हेही.

विंडम हॅल्सवेल हा लष्करी अधिकारी. जन्म लंडनचा, १८८२चा. वडील कीली हॅल्सवेल चित्रकार, घराणं स्कॉटिश. शिक्षण चार्टरहाउस आणि सँडहर्स्टला, नंतर हायलँड लाइट इन्फंट्री. रेजिमेंटसोबत दक्षिण आफ्रिकेत असताना जिमी करन नावाच्या जाणकार प्रशिक्षकाने त्याचं पळणं हेरलं. १९०६च्या अथेन्सच्या खेळांत त्याला ४०० मीटरमध्ये रौप्य आणि ८०० मीटरमध्ये कांस्य मिळालं. त्याच वर्षी स्कॉटिश स्पर्धेत एकाच दुपारी त्याने १००, २२०, ४४० आणि ८८० यार्ड या चारही शर्यती मारल्या. ज्याने कधी स्पर्धेत ४०० मीटर पळून पाहिलंय, त्याला हा पराक्रम किती अघोरी आहे ते कळेल. लंडनला उपांत्य फेरीत त्याने ४८.४ सेकंदांचा नवा ऑलिम्पिक विक्रम केला.

उपांत्य फेऱ्या चार, आणि प्रत्येकीतून फक्त विजेता पुढे. उरलेले तिघे अमेरिकन : कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन कारपेंटर, हार्वर्डचा विल्यम रॉबिन्स आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा जॉन टेलर. टेलर कृष्णवर्णीय, पशुवैद्यकाचा विद्यार्थी, त्याच वर्षी पदवीधर झालेला. १८९६पासून ४०० मीटरचं विजेतेपद अमेरिकेने सोडलेलं नव्हतं. लंडनला मात्र १०० मीटर दक्षिण आफ्रिकेच्या रेजी वॉकरने नेली होती आणि २०० मीटर कॅनडाच्या रॉबर्ट करने. वेगाच्या शर्यतींतली ही शेवटची संधी होती. एकास तीन हे गणित पाहून इंग्रजांच्या मनात पाल चुकचुकलीच. तिघे मिळून आपल्या माणसाला कोंडतील म्हणून त्यांनी ट्रॅकच्या कडेने ठरावीक अंतरावर पंच उभे केले. संशय एवढा होता, तर लोखंडी खुंट्या ठोकून दोऱ्या का बांधल्या नाहीत? १०० मीटरला तशा दोऱ्या बांधतच असत. वळणाच्या शर्यतीत तसा रिवाज नव्हता, म्हणून बांधल्या नाहीत. माझ्या मते त्या दिवसाची पहिली चूक हीच, आणि ती यजमानांची.

बार झाला. रॉबिन्सने सुरुवातीलाच आत घुसून आघाडी घेतली. कारपेंटर त्याच्या मागे, हॅल्सवेल तिसरा. शेवटच्या वळणापर्यंत हाच क्रम राहिला. वळण संपून सरळ पट्टा सुरू होताना कारपेंटर पुढे झाला आणि हॅल्सवेलने बाहेरच्या बाजूने त्याला ओलांडण्यासाठी जोर लावला. तो जसा बाहेर सरकला तसा कारपेंटरही सरकला. उजवा हात आडवा, कोपर हॅल्सवेलच्या छातीपाशी. दोघेही तिरके जात जात ट्रॅकच्या बाहेरच्या काठापासून अवघ्या दीड फुटावर येऊन ठेपले. आतली सगळी रुंदी मोकळी पडली होती आणि तिथून रॉबिन्स पळत होता. कडेच्या पंचांनी हात वर केले, ओरडा सुरू झाला. शेवटच्या रेषेवरच्या अधिकाऱ्यांनी धावपटू पोहोचण्याआधीच फीत तोडून टाकली. एकाने टेलरला चक्क हाताला धरून ट्रॅकबाहेर ओढलं. कारपेंटर पहिला पोहोचला, रॉबिन्स दुसरा. हॅल्सवेलने तोवर वेग सोडला होता. नुसता गदारोळ माजला.

मग पंच राखेवरचे ठसे बघत फिरू लागले. ठशांची रांग सरळ जायच्या ऐवजी आतून बाहेर तिरकी गेली होती. कारपेंटरने बाहेरचा रस्ता धरला, यात त्यामुळे वाद उरला नाही. प्रश्न एवढाच होता की तसं करणं गुन्हा आहे का.

आणि इथेच दोन देशांची फारकत झाली. ब्रिटिश अॅमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशनच्या नियमानुसार दुसऱ्याला मुद्दाम धक्का देणं, त्याच्या वाटेत आडवं येणं, अडथळा करणं म्हणजे थेट बाद. अमेरिकन महाविद्यालयीन मैदानांवर मात्र पुढच्याने मागच्याची वाट थोडीफार रोखणं हे डावपेचातच मोडत असे. मागच्याला जायचं असेल तर त्याने आपली वाट काढावी. आपल्याकडे हुतूतूचे नियम गावागणिक बदलत, आणि पाहुणा संघ आला की पहिला अर्धा तास ‘तुमच्याकडे कसं, आमच्याकडे कसं’ यातच जाई. तो अर्धा तास लंडनमध्ये कुणी खर्च केला नाही. नियम ब्रिटिश आहेत हे आधी छापून जाहीर झालं होतं, त्यामुळे अमेरिकन व्यवस्थापकांना अज्ञानाचा आधार घेता येत नाही. पण छापलेला नियम पायांत उतरायला काही वर्षं लागतात, आणि कारपेंटरचे पाय कॉर्नेलला तयार झाले होते. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला बाद करणं चुकीचं होतं, असंही म्हणता येत नाही.

हॅल्सवेलचं नंतरचं निवेदन या सगळ्यात उठून दिसतं. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याच्या छातीवर वळ उठल्याच्या बातम्या रंगवत असताना त्याने स्पष्ट लिहिलं की कारपेंटरने जोराचा असा ठोसा मारला नाही, आपल्या छातीवर कसल्याही खुणा नाहीत, आणि आपण त्या कुणाला दाखवल्याही नाहीत. मात्र कोपर छातीला लागलं, आणि आपण बाहेर जाऊ लागलो तसा तोही हात आडवा ठेवून बाहेर येत गेला, हे त्याने तितक्याच स्वच्छ शब्दांत सांगितलं. फायदा होत असतानाही आपल्याच बाजूची अतिशयोक्ती खोडणारा साक्षीदार विरळाच.

निकाल लागला : शर्यत रद्द, कारपेंटर बाद, शनिवारी २५ जुलैला पुन्हा धाव. आणि या वेळी दोऱ्या बांधून! रॉबिन्स आणि टेलर यांनी उतरायला नकार दिला. हॅल्सवेललाही हे एकट्याचं पळणं मनापासून नको होतं असं सांगतात. पण तो मैदानात आला आणि सुमारे ५० सेकंदांत अंतर कापून गेला, स्वतःच्या उपांत्य फेरीहून दीड-एक सेकंद सावकाश. टेलरही त्या दिवशी ४०० मीटर पळालाच, पण रिलेत. २००, २००, ४०० आणि ८०० मीटर अशा टप्प्यांच्या त्या मेडले रिलेत अमेरिकेला सुवर्ण मिळालं आणि जॉन टेलर ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला.

पुढे कागदी लढाई चालली. अमेरिकन वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले; ब्रिटिश ऑलिम्पिक मंडळाने आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाच काढली. तिचा फारसा उपयोग झाला नसावा. अशा पुस्तिका ज्यांचं मत आधीच बनलंय तेच वाचतात. खरा परिणाम झाला तो १९१२ला. स्टॉकहोमला निरनिराळ्या देशांचे पंच बसले, आणि १७ जुलै १९१२ रोजी सतरा देशांच्या प्रतिनिधींनी तिथेच आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक महासंघाची पायाभरणी केली. गंमत म्हणजे स्टॉकहोमच्या ४०० मीटरमध्येही धक्का लागलाच : उपांत्य फेरीत अमेरिकेचा डॉनेल यंग जर्मनीच्या हान्स ब्राउनला धक्का दिल्यावरून बाद झाला. अंतिम शर्यत मग प्रत्येकाला आपापली लेन देऊन घेतली गेली.

महासंघाचे पहिले तांत्रिक नियम १९१४चे. त्याच वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले. एका खेळाला एक नियमावली, ही गरज त्या काळात सगळीकडेच जाणवत होती. पुढे याच जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना दोराबजी टाटांना अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दिसली. वेळ झकास, पण आंतरराष्ट्रीय नियम आणि सराव यांचा गंध नाही. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटासा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार लांब पल्ल्याला. १०० आणि ४०० मीटरला बंगालचे पुर्मा बॅनर्जी. बॅनर्जी प्राथमिक फेरीतच थांबले.

लेनमुळे शर्यतीचा स्वभावच पालटला. पूर्वी ४०० मीटर म्हणजे निम्मा वेग आणि निम्मी झुंज. आता घड्याळाशी आणि स्वतःच्या छातीतल्या आगीशी सामना. सुरुवातीच्या रेषा पायऱ्यांसारख्या पुढेमागे असल्याने बाहेरच्या लेनमधल्याला कुणीच दिसत नाही. १९२४ला पॅरिसमध्ये स्कॉटिश एरिक लिडलला नेमकी सगळ्यात बाहेरची लेन मिळाली. मागे कोण आहे याचा पत्ता नसल्यामुळे तो पहिल्यापासून भन्नाट सुटला आणि ४७.६ सेकंदांचा ऑलिम्पिक विक्रम करून गेला. १९६०ला रोमला मिल्खा सिंग पाचव्या लेनमध्ये होते. अडीचशे मीटरच्या सुमाराला आपण वेग आवरता घेतला ही चूक त्यांनी पुढे स्वतःच सांगितली. दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५, मिल्खा ४५.६. त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी नव्हतं.

व्हाइट सिटीच्या चौघांपैकी दोघांना फार आयुष्य लाभलं नाही. टेलर फिलाडेल्फियाला परतला आणि २ डिसेंबर १९०८ला विषमज्वराने गेला, वय २६. हॅल्सवेलने त्या वर्षीच पळणं सोडलं आणि पलटणीत परतला. ३१ मार्च १९१५ला फ्रान्समध्ये, नव्ह शापेलच्या परिसरात, शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने कॅप्टन हॅल्सवेल ठार झाला. त्याचं ऑलिम्पिक सुवर्ण आजही कंसातल्या खुलाशासकट छापलं जातं. १९०८मध्येच त्याने ३०० यार्डांची एक शर्यत ३१.२ सेकंदांत मारली होती, जिच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. स्कॉटलंडचा तो विक्रम ५३ वर्षं टिकला. १९६१ला तो मोडला मेंझीस कॅम्पबेल याने, जो पुढे ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नेता झाला.