रस्त्यांची शाळा

युरोप खंडाच्या वायव्य किनाऱ्यावर नेदरलँड्स नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख. सायकली मात्र माणसांहून अधिक! बालके, वृद्ध, व्यापारी, अधिकारी असे सर्वच तेथे सायकलीवरून जा-ये करतात. म्हणून रस्तेबांधणीचे शास्त्र शिकणारे परदेशांतील विद्यार्थी या देशात अभ्याससहलीसाठी येतात. अमेरिकेतील बोस्टन नगरीच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे विद्यार्थी डेल्फ्ट या गावी मुक्काम करतात व स्वतः सायकलीवरून हिंडतात. तेथे रस्ता हीच त्यांची वर्गखोली आणि रस्ता हेच त्यांचे पाठ्यपुस्तक.

या शाळेतील पहिला धडा सोपा आहे. जेथे मोटारी वेगाने धावतात, तेथे सायकलींची वाट निराळी असावी. जेथे दोघांना एकाच वाटेने जावयाचे असते, तेथे मोटारींचा वेग कमी असावा. त्यानुसार हमरस्त्याच्या कडेने तांबूस रंगाचा सायकलमार्ग जातो. तो आणि मोटारींचा रस्ता यांच्यामध्ये हिरवळीचा पट्टा किंवा उंच कड असते. वस्तीतील बहुतेक गल्ल्यांत मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते. अनेक चौकांच्या कोपऱ्यांवर लहानशी बेटे बांधलेली असतात. त्यांना वळसा घालताना मोटारचालकाला वेग आवरावाच लागतो, आणि सायकलस्वार त्याला अगदी समोर दिसतो. चालकाला केवळ उपदेश करून हे लोक थांबत नाहीत. रस्त्याची रचनाच त्याला सावध करते.

आइंडहोवेन नगराजवळ तर मोठ्या चौकाच्या वर, लोखंडी तारांनी तोलून धरलेला सायकलींचा वर्तुळाकार पूल २०१२ साली उभारण्यात आला. मोटारी खालून जातात, सायकली वरून.

हे सारे पाहून कोणी म्हणेल, ‘या देशाची भूमीच सपाट, तेथे सायकली चालणारच!’ परंतु हे उत्तर अपुरे आहे. १९५० नंतर तेथेही मोटारी झपाट्याने वाढल्या व सायकली मागे पडू लागल्या. १९७१ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. भूमी तेव्हाही सपाटच होती!

तेव्हा मातापित्यांचे धैर्य जागे झाले. ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक देत ते रस्त्यावर उतरले. अॅमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीतील मुलांनी १९७२ साली आपली गल्ली खेळण्यासाठी मोकळी असावी म्हणून सह्या गोळा केल्या आणि मोटारींची वाट अडविली. १९७३ साली खनिज तेलाची टंचाई पडली, आणि नोव्हेंबरपासून काही रविवारी मोटारी बंद ठेवण्यात आल्या. मोटारीविना रस्ता कसा असतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे द हेग व टिलबर्ग या नगरांत नमुन्यादाखल सायकलमार्ग बांधण्यात आले. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी आजचे जाळे विणले गेले.

अभ्याससहलीला गेलेला विद्यार्थी सायकलमार्गाची रुंदी मोजतो, चौकाचे चित्र काढतो. पण त्याने सोबत न्यावयाची खरी शिदोरी निराळीच आहे. रस्ते माणसेच बांधतात. म्हणून ते माणसांना सुधारताही येतात. आपल्या शाळेची वाट कोठे धोक्याची आहे, हे मुलांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?