'शेजारी' आणि 'पेलो' : मालवण किनाऱ्यावरील ख्रिस्ती परिभाषा

लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला शेजाऱ्याची व्याख्या विचारतो आणि उत्तरादाखल त्याला शोमरोनी माणसाची कथा ऐकावी लागते. मराठी बायबलने येथे 'शेजारी' हा शब्द योजला. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती परंपरेत 'पेलो' रूढ झाला. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ह्या दोन्ही परंपरा भेटतात. गोव्याशी नाते राखणारा कॅथलिक समाज येथे आहे आणि वेंगुर्ल्यास इस्पितळ चालविणारे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनही येथेच होते.

शेजारी हा ओळखीचा, भिंतीला भिंत लागून असलेला. 'शेजारधर्म' ह्या आपल्या शब्दात परतफेडीची अपेक्षा गृहीतच असते. 'पेलो' म्हणजे मात्र दुसरा, आपल्याहून वेगळा. मराठी 'पैल'शी त्याचे साम्य सहज जाणवते. यहुद्यांनी तुच्छ मानलेला शोमरोनीच जखमी वाटसरूला उचलतो, ही कथेतील धार 'पेलो'त अधिक उतरते. (रूढ झालेला 'शेजारी' बदलावा, असा ह्याचा अर्थ नव्हे.)

तथापि शब्दाची व्याप्ती आणि आचरण ह्यांत अंतर राहिलेच. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतात. एक नवख्रिस्ती ब्राह्मण जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागतो, तेथून त्यांचे निरूपण सुरू होते. ईश्वराविषयीचे सत्य पेल्याच्या भाषेत शोधण्याचा हा प्रयत्न खराच; पण त्या पेल्याची जुनी पुराणे त्याच्या हातून आधी काढून घेतलेली होती.