लिहिणारे हात वाढले, वाचक कसा मिळवायचा?



आपल्या वस्त्यांतून लिहिणारे हात आता वाढले आहेत. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी करून आलेला तरुण रात्री मोबाईलवर कविता लिहितो. कॉलेजात जाणारी मुलगी आजीच्या तोंडून ऐकलेल्या नामांतराच्या दिवसांच्या आठवणी उतरवते आणि ब्लॉगवर टाकते. जागा फुकट मिळते, कागद-छपाईचा खर्च नाही. पण आठ दिवसांनी पाहावे तर वाचणारे सहा-सातच, त्यातले तिघे घरचे. मुलगी हिरमुसते आणि लिहिणे सोडून देते. हे सोडून देणे आम्हाला खटकते. आजी काही कायमची राहणार नाही. तिच्याबरोबर त्या आठवणीही जातील.

वाचक मिळवावा लागतो, हे आपल्या चळवळीला पहिल्यापासून ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. पण ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. तेव्हा अंक पोहोचला तो माणसांच्या हातून. एक वाचायचा आणि दहाजण बसून ऐकायचे.

आपल्या शहरातले उदाहरण त्याहून जवळचे आहे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८च्या सुमारास येथूनच ‘अस्मितादर्श’ चालवायला घेतले. मोठे भांडवल पाठीशी नव्हते. वर्गणीदार जोडणे, नवख्या लेखकांना पत्रे लिहिणे, ठिकठिकाणी ‘अस्मितादर्श’चे मेळावे भरवून लेखक-वाचकांची गाठ घालणे, यावर ते त्रैमासिक अनेक दशके चालले. २०१८ साली सरांचे निधन झाले. लिहिणाऱ्या मुलांनी त्यांच्या लेखनाइतकाच हा खटाटोपही अभ्यासावा असे आम्हाला वाटते.

आता व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब आले. जाहिरात नाकारणारा दारात उभा नाही. मात्र गर्दी एवढी, की आपला आवाज त्यात बुडतो. म्हणून काही गोष्टी जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट घराची. फेसबुक-इन्स्टाग्राम ही भाड्याची ओसरी आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. टिकटॉकवर भीमगीते गाणारी आपली कितीतरी पोरे होती. जून २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली आणि एका रात्रीत सगळे गेले. म्हणून मूळ लेख आपल्या ब्लॉगवर असावा, त्याची एक प्रत घरात जपून ठेवलेली असावी, आणि ओसरीवर बसून लोकांना घरात बोलवावे. ब्लॉगसुद्धा दुसऱ्याच्याच जमिनीवर असतो, म्हणून ती घरची प्रत विसरू नये.

बोलवायचे कसे? नुसती लिंक टाकून ‘नक्की वाचा’ म्हटले तर कोणी वाचत नाही. आपण तरी वाचतो का? लेखातला सर्वांत जिवंत प्रसंग चार ओळींत तिथेच सांगावा, लिंक त्याच्या खाली द्यावी. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातली लिंक दाबून उघडतच नाही. ती आपल्या ओळखपानावर द्यावी लागते. फेसबुकच्या पानावर टाकलेले सगळ्या अनुयायांना दिसते हा गैरसमज आहे, थोड्यांनाच दिसते. म्हणून खाली कोणी दोन शब्द लिहिले तर त्याला उत्तर द्यावे. उत्तर मिळालेला माणूस पुन्हा येतो.

व्हॉट्सॲपची तऱ्हा निराळी. एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येतो आणि फार फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. ही बंधने अफवांना आळा घालण्यासाठी आली. पण आम्हाला त्यात तोटा दिसत नाही. विहाराच्या गटात सकाळी शंभर फुलांची चित्रे पडतात, त्यात लेख हरवतो. त्यापेक्षा वीस माणसांना नावानिशी पाठवावा: ‘मामी, तुमच्या गावचा उल्लेख आहे, वाचून सांगा.’ ब्रॉडकास्ट यादी करायची असेल तर ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे. वेळही पाहावी. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे लेख उघडणार नाही, रात्री जेवणानंतर उघडेल.

आणखी एक खोड दिसते. पुष्कळजण लेखाचे रंगीत चित्र बनवून टाकतात. चित्र पाहायला बरे, पण त्यातली अक्षरे शोधयंत्राला नीट सापडतीलच असे नाही. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर तर तसाच चिकटवला की भलतीच अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये टंकावे. म्हणजे उद्या कोणी ‘नामांतर लाँग मार्च आठवणी’ असे शोधले तर त्या आजीपर्यंत पोहोचेल.

नावाचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा. लेख पुढे पुढे जातो आणि वाटेत लेखिकेचे नाव गळून पडते. महिन्याने तोच लेख दुसऱ्याच्या नावावर तिच्याच मोबाईलवर येतो. यावर उपाय वामनदादा कर्डकांकडे आहे. दादांची गाणी छापील पुस्तकाची वाट न पाहता गावोगाव गेली, पण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ओवलेला असे. नाव कापायचे तर गाणेच तुटे. आपणही नाव फक्त तळाला न टाकता मजकुरातच गुंफावे: ‘मी, चौका गावच्या सखूबाईंची नात...’ असे.

याची दुसरी बाजूही आहे. बाबासाहेबांच्या नावावर वाटेल ती वाक्ये फिरतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. वाक्य द्यायचे तर खंड आणि पान द्यावे, नसेल तर देऊ नये. ज्याच्या लेखात पान क्रमांक असतो त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात, हीच त्याची जाहिरात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? जलसा ऐकून चळवळीत आलेल्या पिढीची आपण लेकरे. लेख स्वतःच्या आवाजात वाचून सात-आठ मिनिटांचा करावा आणि पाठवावा. भाकरी थापताना आई ऐकेल. मुलींनी मात्र घरचा पत्ता, रोजचा रस्ता, कॉलेजची वेळ लेखात येऊ देऊ नये. कोणी घाणेरडे लिहिले तर त्याचे छायाचित्र ठेवून त्याला रोखावे. घरच्यांनी तिचा मोबाईल काढून घेऊ नये, ही आई-वडिलांना आमची हात जोडून विनंती.

दिल्लीत मीना कोटवाल यांनी ३१ जानेवारी २०२१ रोजी, मुद्दाम तोच दिवस निवडून, ‘द मूकनायक’ इंटरनेटवर सुरू केले. आपल्याकडेही असे दिवस आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गर्दी लोटते, पुस्तकांची दुकाने लागतात. ब्लॉगचा क्यूआर कोड छापलेली शंभर चिठ्ठ्यांची थप्पी झेरॉक्सवाल्याकडून करून घ्यावी, ओळखीच्या पुस्तकवाल्याला विचारून प्रत्येक पुस्तकात एक सारावी. आजीच्या आठवणी त्याच आठवड्यात, एक-एक दिवस, क्रमाने टाकाव्यात आणि पहिली आठवण त्या प्रवेशद्वाराचीच असावी.