काळ्या दगडावरची मोजणी

किरणोत्सार अणुभट्टीच्या कुंपणाआड कोंडलेला असतो, ही समजूत जितकी रूढ आहे तितकीच चुकीची आहे. खडक, माती, हवा आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यांच्याकडून तो प्रत्येक ठिकाणी अखंड मिळत असतो आणि त्याचे प्रमाण बऱ्याच अंशी पायाखालच्या दगडावर ठरते. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट आहे आणि शेतातली काळी मातीही त्याच्याच झिजेतून तयार झाली आहे. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही तिन्ही मूलद्रव्ये बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने बरीच कमी असल्यामुळे येथल्या जमिनीतून येणारे गॅमा किरण हैदराबादकडच्या ग्रॅनाइटी मुलखापेक्षा कमी असतात. केरळमधील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त, म्हणजे थोरियम बाळगणाऱ्या, वाळूशी तर त्यांची तुलनाच होत नाही. अशा निरुपद्रवी ठिकाणी मोजणी कशासाठी करायची, असे कोणी विचारील. पण एखाद्या जागेचा किरणोत्सार वाढला असे म्हणण्यासाठी तो आधी किती होता हे ठाऊक असावे लागते, आणि ती नोंद संकटानंतर करता येत नाही.

जपानला हा धडा मार्च २०११ मध्ये मिळाला. फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पात अपघात झाल्यावर त्याच्याभोवती २० किलोमीटरचे वर्तुळ आखून लोकांना हलवण्यात आले, परंतु वाऱ्याने आणि पावसाने किरणोत्सारी द्रव्ये वायव्येकडे नेली, आणि ३० किलोमीटरच्या पलीकडे पसरलेले इताते हे गाव जवळच्या काही वस्त्यांपेक्षा अधिक दूषित झाले. वर्तुळ कंपासने काढता येते; प्रदूषण मात्र वाऱ्याच्या वाटेने जाते. आकडे वेळेवर मिळेनात, तेव्हा त्याच वर्षी ‘सेफकास्ट’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम उभा राहिला. त्यांनी ‘बीगायगी’ नावाचे यंत्र तयार केले. ते मोटारीच्या खिडकीबाहेर अडकवायचे आणि गाडी फिरत असताना त्याने दर पाच सेकंदांनी स्थळ, वेळ व मोजणी नोंदवायची, अशी ती योजना होती. जमा झालेली सगळी माहिती कोणालाही, कोणत्याही कामासाठी, परवानगीविना वापरता येईल अशा रीतीने खुली केली गेली. त्यामुळे सरकारचा समर्थक आणि टीकाकार दोघेही तेच आकडे तपासू शकतात, आणि या उपक्रमाचे खरे बळ यंत्रापेक्षा या मोकळेपणात आहे.

यंत्राचा गाभा म्हणजे गायगर नळी. तिच्यातील वायूतून किरण गेला की वायूचे आयनीभवन होते, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, क्षणभर वीज वाहते आणि एक ठोका मोजला जातो. बीगायगीतील चपट्या नळीसाठी मिनिटाला ३३४ ठोके म्हणजे ताशी १ मायक्रोसीव्हर्ट, असे सीझियम-१३७ या समस्थानिकाच्या आधारे ठरवलेले गुणोत्तर आहे; सीव्हर्ट हे किरणांमुळे शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाचे एकक असून मायक्रोसीव्हर्ट हा त्याचा दहा लाखावा भाग होय. ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्ट एवढ्या सामान्य पातळीला मिनिटाला जेमतेम ३३ ठोके पडतात, आणि ठोके यदृच्छेने पडत असल्याने त्या मोजणीत सहाएक ठोक्यांचा चढउतार आपोआपच येतो. दहा मिनिटे मोजले तर सुमारे ३३० ठोक्यांत अठरांचा फरक पडतो, म्हणजे अनिश्चितता सुमारे सतरा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर येते. एका मिनिटाचा आकडा पाहून घाबरणारा आणि तोच पाहून निश्चिंत होणारा, दोघेही घाईच करतात.

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी आकडा हलण्याची कारणेही बहुधा घरगुतीच निघतील. कृषी सेवा केंद्रातील म्युरेट ऑफ पोटॅश या पोटॅशियमयुक्त खताच्या पोत्यांजवळ नळी धरली तर ठोके वाढतात, कारण निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा असतो. पावसाची सर आली की हवेतील रेडॉन वायूपासून जन्मलेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ थेंबांबरोबर जमिनीवर उतरतात व मोजणी वर चढते. त्यांचे अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटांचे असल्यामुळे पाऊस थांबल्यावर काही तासांत आकडा पूर्वपदावर येतो. ज्याने कोरड्या मे महिन्यातच मोजले असेल, त्याला जुलैतील ही चढण गळतीसारखी भासेल.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राचे स्वयंचलित मापन केंद्रांचे जाळे आहे. स्वयंसेवकांची मोजणी त्याची जागा घेऊ शकत नाही, पण दोन केंद्रांमधले रिकामे अंतर भरू शकते. हे अंतर किती महाग पडू शकते ते दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजाराने २०१० मध्ये दाखवले: एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० तेथे फोडले गेले, एक कामगार दगावला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. गायगर नळी किरण कोणत्या मूलद्रव्याचे हे सांगत नाही, अन्नपाण्यातील सूक्ष्म अंश मोजण्यास ती अपुरी आहे, आणि सीझियमसाठी ठरवलेले गुणोत्तर नैसर्गिक किरणांना तंतोतंत लागूही पडत नाही. मात्र तेच यंत्र, त्याच जागी, जमिनीपासून तितक्याच उंचीवर, कोरड्या व ओल्या दोन्ही ऋतूंत वापरले, तर आकडा बदलला की नाही एवढे ते विश्वासाने सांगते.