पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

परीक्षेच्या आदल्या रात्री तीच पाने पुन्हा पुन्हा वाचणारी मुले घरोघरी दिसतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक हेन्री रोडिगर व त्यांचे सहकारी जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अशा घरांनी अवश्य जाणून घ्यावा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने चार सत्रे एकच उतारा वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचून, पुढील तिन्ही सत्रांत तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. लिहिलेले बरोबर की चूक, हेही त्यांना सांगितले नव्हते. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पहिला गट सरस ठरला. आठवड्यानंतर मात्र पहिल्याला सुमारे ४० टक्के, तर दुसऱ्याला ६१ टक्के मजकूर आठवला. आणि गंमत अशी, की आपल्या स्मरणाविषयी अधिक भरवसा होता तो पहिल्याच गटाला!